जंगल मोजायचे म्हणजे काय मोजायचे?
कोकणातील किनारी डोंगरांच्या वनस्पतींविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्याच्या वनस्पतींविषयी एक टिपण दिले होते. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांनी शिकारीसाठी राखलेले आणि १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे सुमारे ७० चौरस किलोमीटरचे रान समुद्राच्या अगदी शेजारी आहे. काशीदच्या किनाऱ्यामागे उभे असलेले डोंगर त्याचेच. ‘किनारी डोंगरावरील जंगलात जाती किती आहेत यापेक्षा त्यांचे आपसांतील प्रमाण काय आहे, हे अधिक बोलके असते,’ असे एक वाक्य त्या टिपणात होते. त्या वाक्याचे स्पष्टीकरण मागणारी आणि काही त्याच्याशी भांडणारी अशी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी फणसाडच्या वाटेने दोनदा फिरलो. दोन्ही वेळा ऐन, किंजळ, अंजनी, पुन्हा ऐन, किंजळ, अंजनी असा पाढाच दिसला. या रानाला सगळे ‘वैविध्यपूर्ण’ म्हणतात. आमचे डोळे चुकतात की पुस्तके?
(एक वाचक, मुरूड)

उत्तर : आपले डोळे चुकत नाहीत आणि पुस्तकेही चुकत नाहीत; दोघे वेगवेगळी गोष्ट मोजत आहेत, इतकेच. पुस्तकातील यादीत एखादी जात एकदाच येते, मग तिची झाडे त्या रानात पाच असोत की पन्नास हजार. वाटेने चालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र प्रत्येक जात तिच्या संख्येइतक्या वेळा येते. जवळपास प्रत्येक जंगलात थोड्या जाती पुष्कळ संख्येने आणि पुष्कळ जाती थोड्या संख्येने आढळतात. त्यामुळे यादीतील बहुसंख्य नावे वाटसरूला दिसतच नाहीत आणि जी दिसतात ती पुन्हा पुन्हा दिसतात.

हा फरक आकड्यांत पाहू. शंभर-शंभर झाडांच्या दोन तुकड्या घ्या आणि दोन्हींत दहा-दहा जाती आहेत असे समजा. पहिल्या तुकडीत प्रत्येक जातीची दहा झाडे आहेत. दुसरीत एकाच जातीची ९१ झाडे असून उरलेल्या नऊ जातींचे एकेक झाड आहे. यादी दोन्हीकडे दहाचीच होईल. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला शॅनन निर्देशांक म्हणतात तो मात्र पहिल्या तुकडीत २.३० आणि दुसऱ्या तुकडीत केवळ ०.५० येतो. क्लॉड शॅनन हे काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. संदेशवहनात किती माहिती वाहून नेली जाते हे मोजण्यासाठी त्यांनी १९४८ साली हे सूत्र मांडले. संदेशात पुढचे अक्षर कोणते येईल हे ओळखणे जितके अवघड, तितकी त्यातील माहिती अधिक, हा त्यामागचा विचार. रानातही तो तसाच लागू पडतो : पुढचे झाड कोणते असेल हे सांगता येणे जितके अवघड, तितके वैविध्य अधिक. आपण ज्याला पाढा म्हटले तो नेमका हाच अनुभव आहे. पुढचे झाड कोणते येणार, हे आपल्याला आधीच कळत होते.

तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे वाट नेहमी सोयीच्या जागेवरून, म्हणजे माळाच्या कडेने आणि सोंडेवरून जाते, आणि तेथे माती उथळ असते. फणसाडमध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या जागांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. अशा गाणाशी किंवा एखाद्या वहाळाच्या काठी अर्धा तास थांबावे. जांभूळ, उंबर, ताम्हण आणि भेरली माड दिसू लागतात आणि पाढा मोडतो. दुसरी गोष्ट अशी की, अशा रानाच्या यादीतील बहुतेक नावे झाडांची नसतातच. ती पावसाळी रोपांची, गवतांची, वेलींची आणि झुडपांची असतात. आपण डिसेंबरात किंवा मेमध्ये गेला असाल, तर निम्मीअधिक यादी त्या वेळी जमिनीखाली कंदांच्या आणि बियांच्या रूपात होती.

यापलीकडची एक गोष्ट मला स्वतःला अधिक महत्त्वाची वाटते. पुढच्या वेळी किंजळाच्या शेंड्याकडे न पाहता त्याच्या बुंध्याकडे पाहावे. एकाच बुडख्यातून तीन-चार सोट वर गेलेले दिसले, तर ते झाड कधी तरी तोडले गेले होते आणि पुन्हा फुटले, असे खुशाल समजावे. कोकणात भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी राब करतात. त्यासाठी डोंगरावरील झाडांची कवळे, म्हणजे पाल्यासह कोवळ्या फांद्या, पिढ्यान्‌पिढ्या तोडली गेली. त्याशिवाय सरपण होते, कोळसा होता, घराचे वासे होते. ऐन आणि किंजळ या दोन्ही जाती कोयता सोसून पुन्हा जोमाने फुटतात; ज्या जातींना हे जमत नाही त्या हळूहळू मागे पडतात. तेव्हा आपल्याला दिसलेला पाढा निसर्गाने एकट्याने लिहिलेला नाही. त्यातील काही ओळी कोयत्याच्या आहेत.

प्रश्न : तिरुवनंतपुरमला वर्षाला सुमारे १,८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि रत्नागिरीला त्याहून कितीतरी अधिक, असे मुलांना शिकवते. मग हिरवेगार जंगल केरळात आणि मार्चमध्ये उघडे पडणारे डोंगर आमच्याकडे, हे कसे? मुलांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.
(भूगोलाच्या एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : बाई, आपल्या मुलांनी फार नेमका प्रश्न विचारला आहे. झाडाच्या दृष्टीने वर्षभरात एकूण किती पाऊस पडला याला दुय्यम महत्त्व आहे. पाऊस न पडणारे सलग महिने किती, हा खरा प्रश्न आहे. कोकणात पडणाऱ्या पावसातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि डोंगरउतारावरून त्यातील पुष्कळसा समुद्राला मिळतो. त्यानंतर पुढचा जून येईपर्यंत झाडाला मातीत उरलेल्या ओलीवर दिवस काढावे लागतात. केरळच्या दक्षिण टोकाला नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबरच परतीचा पाऊस आणि उन्हाळ्यातील सरीही चांगल्या मिळतात, त्यामुळे तेथील कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचाच असतो. पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे यावे तसा तो लांबत जातो आणि मुंबईच्या आसपास सात-आठ महिन्यांचा होतो. म्हणूनच सिंधुदुर्गातील डोंगर रायगडातील डोंगरांपेक्षा अधिक सदाहरित आहेत आणि पालघरकडे जावे तसा पानगळीचा जोर वाढतो व साग दिसू लागतो.

मात्र ‘उघडे पडणारे डोंगर’ हे आपले वर्णन सरसकट खरे नाही आणि मुलांना ते प्रत्यक्ष दाखवता येईल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या जुन्या झाडीच्या उतारासमोर त्यांना उभे करावे. नाणा पूर्ण निष्पर्ण असतो. त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, फिकट खोड उघडे पडते, त्यामुळे दुपारच्या उन्हात तो हाडासारखा पांढरा दिसतो. ऐनाची साल याच्या नेमकी उलट, मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची आणि जाड. पाने त्याचीही गळलेली असतात. त्या दोघांच्या मधोमध अंजनीचे झुडूपवजा झाड मात्र गडद हिरवे असते, आणि त्या सुमारास तर त्याच्या फांद्यांना पानांखालून लगडलेली इतकी निळी फुले येतात की कोणी नीळ शिंपडली असावी असे वाटते. अंजनीची पाने लहान, जाड आणि चिवट असतात; ती पाणी जपून वापरतात. ऐन आणि नाणा पाणी जपण्याच्या भानगडीत न पडता पानेच टाकून देतात. कोरडा काळ काढण्याचे हे दोन मार्ग एकाच उतारावर शेजारी शेजारी चालतात. अशा मिश्र रानाला अर्धसदाहरित म्हणतात. भारतातील वनांचे १९६८ साली प्रसिद्ध झालेले चॅम्पियन आणि सेठ यांचे वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. त्यात अर्धसदाहरित आणि आर्द्र पानझडी असे वेगळे कप्पे आहेत. प्रत्यक्ष डोंगरावर वहाळापासून सोंडेपर्यंत दोनशे पावले चढताना आपण एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊन पोचतो.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी गावाजवळच्या डोंगरावरील झाडांची मोजणी करायची आहे. आंतरजालावर सूत्रे मिळाली, पण दोरी कुठे लावायची आणि फीत कुठे धरायची हे कुणी सांगत नाही. कृपया प्रत्यक्ष कृती सांगावी.
(पदवी वर्गातील तीन विद्यार्थी, पेण)

उत्तर : तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जागा अभयारण्यातील किंवा राखीव वनातील असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. पहिल्या प्रकल्पासाठी गावकीचे किंवा खासगी मालकीचे रान बरे.

साहित्य फार लागत नाही : चाळीस मीटरची न ताणणारी दोरी, चार खुंट्या, खडू, वही आणि शिंप्याकडे असते तशी दीडशे सेंटिमीटरची फीत. जुनी झाडे असतील तर तीन मीटरची फीत लागेल. झाडांसाठी दहा मीटर बाजूचा चौरस आखावा. त्यातच एका कोपऱ्यात झुडपांसाठी पाच मीटरचा आणि रोपांसाठी एक मीटरचा चौरस घ्यावा. असे किमान दहा चौरस वेगवेगळ्या जागी घ्यावेत आणि ते कोठे घ्यायचे हे जंगलात जाण्यापूर्वी नकाशावर ठरवावे. जंगलात जाऊन जागा निवडली की पाय आपोआप सावलीच्या आणि सपाट जागेकडे वळतात; हे मी माझ्या विद्यार्थिदशेत स्वतः केले आहे आणि माझ्या पहिल्या मोजणीत काटेरी झाडे जवळजवळ नव्हतीच.

उतारावर दोरी जमिनीला टेकवून लावू नये. ती आडवी, पाण्याच्या पातळीत धरावी. तीस अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले दहा मीटर प्रत्यक्षात आडवे ८.६६ मीटरच भरतात, म्हणजे चौरस सुमारे १३ टक्क्यांनी लहान होतो आणि झाडांची दाटी कमी असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर मोजावा आणि उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या अंगाला उभे राहून धरावी. प्रत्येकाच्या छातीची उंची वेगळी असते, म्हणून एका काठीवर खूण करून ती काठीच वापरावी. ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर असेल ते झाड, त्याखालचे रोपटे, असा नियम पहिल्या दिवशी ठरवून शेवटपर्यंत पाळावा. सावरीसारख्या झाडाच्या बुंध्याला पाखे, म्हणजे भिंतीसारखे बाहेर पसरलेले आधार, असतील, तर त्यांच्या वर जाऊन घेर घ्यावा. मोजलेल्या झाडावर खडूने खूण करण्याचा आळस करू नये, कारण दाट झाडीत एकच झाड दोघांकडून दोनदा मोजले जाते.

आता कोकणातील खास अडचण. मघाशी मुरूडच्या वाचकांना सांगितले तसे एका बुडख्यातून चार सोट गेलेले किंजळ तुमच्या चौरसात नक्की येणार. ते एकच झाड म्हणून मोजावे, पण घेर चारही सोटांचा वेगवेगळा नोंदवावा आणि प्रत्येकाचे छेदक्षेत्र, म्हणजे त्या उंचीवर खोड आडवे कापले तर दिसेल त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ, स्वतंत्र काढून मग बेरीज करावी. छेदक्षेत्र काढण्याची रीत सोपी आहे : घेराचा वर्ग करून त्याला १२.५७ ने भागावे. प्रत्येकी ४० सेंटिमीटर घेराच्या चार सोटांचे क्षेत्र असे सुमारे ५०९ चौरस सेंटिमीटर भरते. घाईत चारही घेर आधीच मिळवून १६० सेंटिमीटर धरले, तर तेच क्षेत्र २,०३७ येते, म्हणजे खऱ्याच्या चौपट. या एका चुकीने अनेक प्रकल्पांत कापली गेलेली रानेच सर्वांत समृद्ध ठरतात.

छेदक्षेत्र का काढायचे, हेही समजून घ्या. ६० सेंटिमीटर घेराच्या सोळा किंजळांचे मिळून जेवढे छेदक्षेत्र होते, तेवढे २४० सेंटिमीटर घेराच्या एकट्या बेहड्याचे असते. केवळ डोकी मोजली तर बेहडा सतरांत एक ठरतो. प्रत्यक्षात त्या जागेची सावली, पालापाचोळा आणि पाणी यांवर त्याचा हक्क त्या सोळांइतका असतो. म्हणूनच विस्कॉन्सिनमधील कर्टिस आणि मॅकिन्टॉश यांनी १९५१ साली महत्त्वमूल्य निर्देशांक मांडला. एखाद्या जातीची संख्या एकूण झाडांत किती टक्के, ती किती चौरसांत आढळली याचे सापेक्ष प्रमाण किती टक्के आणि छेदक्षेत्रात तिचा वाटा किती टक्के, या तिन्हींची ही बेरीज आहे. सर्व जातींचे आकडे मिळवले तर ३०० भरले पाहिजेत. न भरल्यास गणित तपासावे, जंगलाला दोष देऊ नये.

बेरजेमागचे तीन आकडे वेगवेगळेही छापावेत, ही माझी आग्रहाची सूचना. दोन जातींचा निर्देशांक ४५ असू शकतो. एक सगळीकडे थोडी थोडी असलेली आणि दुसरी एकाच वहाळाकाठी चार महाकाय झाडांची. बेरजेत हा फरक पुसला जातो.

ओळख पटवण्याविषयी दोन शब्द. ऐन आणि किंजळ यांत नवख्यांचा गोंधळ होतो. दोघांच्याही पानाच्या देठाजवळ ग्रंथी असतात. फळ पाहावे. ऐनाच्या फळाला सारख्या आकाराचे पाच पंख असतात, तर किंजळाचे फळ चिमुकले, एक पंख मोठा आणि दोन लहान असे असते. पावसाळा सरल्यावर फळांनी लगडलेले किंजळ दुरून तांबूस, गंजल्या रंगाचे दिसते. झाडे ओळखायला तो काळ उत्तम. रोपांचे चौरस मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करावे लागतील. खोडावर काळे ओघळ दिसले तर हात लावण्याआधी थांबावे. तो रानबिबा असू शकतो आणि त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. थंडीत खाजकुइलीच्या शेंगांखालून जाऊ नये, हे तुम्हाला पेणमध्ये कुणी सांगायची गरज नसावी.

शेवटी, प्रत्येक चौरसानंतर नव्या जाती किती मिळाल्या हे लिहीत जा. आठव्या-नवव्या चौरसापर्यंत नवे नाव येणे जवळजवळ थांबले, तर मोजणी पुरेशी झाली असे मानता येईल. दहाव्यातही तीन नवी नावे आली, तर दहा चौरस कमी पडले, असे प्रकल्पात प्रामाणिकपणे लिहावे. असे लिहिल्याने गुण जात नाहीत. निदान जाऊ नयेत.

प्रश्न : आमच्या बागेच्या वरच्या जंगलात गारंबीचा वेल माजला आहे. मांडीएवढे जाड खोड झाडांना विळखा घालून वर गेले आहे. हा वेल झाडांचा रस शोषतो, तोडून टाका, असे काहीजण म्हणतात. तोडावा का?
(एक आंबा बागायतदार, श्रीवर्धन)

उत्तर : गारंबी रस शोषत नाही. तिची मुळे जमिनीतच असतात, अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते; झाडाकडून ती केवळ आधार घेते आणि वर गेल्यावर उन्हातील वाटा मागते. हा वाटा काही वेळा जड होतो, फांद्या मोडतात, हे खरे आहे. पण रानात ती तोडण्याचे कारण मला दिसत नाही. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही, एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जाते; जेथे शेंडे एकमेकांना भिडत नाहीत तेथे असे महावेल पुलाचे काम करतात. शिवाय एवढ्या जाडीचा वेल असणे ही ते रान दीर्घकाळ न तुटल्याची खूण आहे. बागेत तो आंब्यावर चढला असेल, तर मात्र खुशाल तोडावा.

तोडण्यापूर्वी एकदा त्याची शेंग पाहून घ्यावी. ती हातभरापेक्षा लांब, कधी मीटरच्याही पुढे जाते आणि पिकल्यावर तिचे एकेक बियांचे खण सुटून पडतात. शेंगेची कडा मात्र रिकाम्या चौकटीसारखी वेलीवर लोंबत राहते. तांबूस तपकिरी, गुळगुळीत, रुपयाच्या नाण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या त्या चपट्या बिया आत पोकळी असल्यामुळे पाण्यावर तरंगतात. वहाळातून खाडीत, खाडीतून समुद्रात आणि तेथून दुसऱ्या किनाऱ्याला त्या जाऊ शकतात. डोंगरावरील वेल आणि समुद्र यांचा इतका थेट संबंध क्वचितच असतो. तिच्या ‘एन्टाडा ऱ्हीडी’ या शास्त्रीय नावात सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करवून घेणाऱ्या डच अधिकाऱ्याची, हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांची, आठवण आहे.

खरा रस शोषणारा शत्रू आपल्या बागेतच असण्याची शक्यता आहे, तो म्हणजे बांडगूळ. त्याची मुळे फांदीच्या आत शिरलेली असतात, म्हणून वरवर खुडून उपयोग होत नाही. जेथे ते चिकटले असेल त्याच्या बरेच खालून फांदी कापावी लागते.

प्रश्न : समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळे किनारी डोंगरांवर वेगळी झाडे असतात का?
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : लाटांचे तुषार पोचतात तेवढ्या पट्ट्यात असतात. उंडी, करंज, केवडा ही मंडळी तेथली. समुद्राकडे तोंड केलेल्या कड्यावर झुडपे एका बाजूने छाटल्यासारखी आणि जमिनीशी झुकलेली दिसतात; वाऱ्याकडील कोवळे अंकुर मिठाने आणि कोरड्या वाऱ्याने जळतात, म्हणून. सोंड ओलांडून पाठीमागच्या बाजूला उतरलात की हा परिणाम जवळजवळ संपतो आणि पुन्हा मातीची खोली व ओल यांचेच राज्य सुरू होते.

प्रश्न : आमच्या गावची देवराई जेमतेम अडीच एकरांची आहे. तिच्यात जी झाडे आहेत ती शेजारच्या डोंगरावर शोधूनही सापडत नाहीत. पूर्वी सगळा डोंगर असाच होता असे समजावे का? मंदिराच्या नव्या सभामंडपासाठी गेल्या वर्षी त्यातील काही झाडे तोडली गेली, त्याचेही वाईट वाटते.
(एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : अडीच एकर म्हणजे एक हेक्टर, आणि एवढ्या तुकड्यातही सातवीण, चांदकुडा, रानबिबा, सीताअशोक अशी झाडे टिकून राहतात, हे कोकणातील देवराया वारंवार दाखवतात. तेव्हा देवराई हा जुन्या रानाचा नमुना आहे, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु तो सगळ्या डोंगराचा नमुना आहे असे मी म्हणणार नाही. आपली देवराई कोठे आहे ते पाहा. बहुधा झऱ्याशी, वहाळाच्या उगमाशी किंवा खोल मातीच्या घळीत असेल. पूर्वजांनी पाण्याच्या जागा देवाच्या नावाने राखल्या. म्हणजे जेथे सदाहरित झाडे मुळातच अधिक होती त्याच जागा राखल्या गेल्या. वरची सोंड त्या काळीही ऐन-किंजळाचीच असेल, फक्त आजच्यापेक्षा उंच आणि एकसोटी. पाण्याच्या जागेने रान किती बदलते याचे टोकाचे उदाहरण सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे आहे. तेथील दलदलीत रानजायफळाच्या कुळातील झाडे चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभी आहेत. त्या छोट्या तुकड्याला राज्य शासनाने जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला आहे. काही अंतरावरच्या कोरड्या उतारावर त्यांचा मागमूस नसतो.

सभामंडपाविषयी आपल्याला वाटते ते मलाही वाटते, आणि त्यामागे एक हिशेब आहे. शंभर मीटर बाजूच्या चौरस देवराईत कडेपासून वीस मीटर आतपर्यंत ऊन, वारा आणि रानमोडी शिरते असे धरले, तर खरी सावलीची, दमट अशी आतली जागा साठ मीटर बाजूच्या चौरसाएवढीच, म्हणजे ३६ टक्के उरते. मधोमध सभामंडप आणि तेथवर गाडीरस्ता झाला की आतूनही कडा तयार होते. तोडलेली झाडे मोजून ‘दहाच तोडली’ असे सांगितले जाते. कडा किती वाढली हे कोणी मोजत नाही. आता निदान पाचोळा झाडून जाळणे थांबवावे, असे गावकीला सुचवून पाहा. सीताअशोकाची आणि चांदकुड्याची रोपे त्या पाचोळ्यातच रुजतात. मोठी झाडे आहेत पण त्यांची गुडघाभर उंचीची पोरे कोठेच नाहीत अशी देवराई वरून कितीही भव्य दिसली, तरी तिची यादी पुढच्या पिढीत आखूड होणार असते.

प्रश्न : ग्रामपंचायतीने गावाच्या वरच्या सड्यावर पाच हजार झाडे लावायचे ठरवले आहे. ओसाड कातळ हिरवा व्हावा अशी इच्छा आहे. कोणत्या जाती लावाव्यात?
(ग्रामपंचायतीच्या एक सदस्या, राजापूर)

उत्तर : ताई, आपला हेतू चांगला आहे, पण सड्यावर कोणतीही झाडे लावू नयेत, असे स्पष्ट लिहितो. सडा म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट पठार; ते उन्हाळ्यात ओसाड दिसते म्हणून ओसाड ठरत नाही. पावसाळ्यात एकदा गुडघे टेकून पाहावे. कातळाच्या वाटीएवढ्या खळग्यात बोटभर माती आणि पाणी असते. त्यात गेंदाची पांढरी गुंड्यांसारखी डोकी असतात आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले असतात. ही सीतेची आसवे पाण्यातील सूक्ष्म जीव पकडून खातात, कारण त्या मातीत नत्र जवळजवळ नसते. पावसाच्या सुरुवातीला काही सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुले येतात; ही जात कोकणाबाहेर सापडत नाही. ऊन हेच या सगळ्यांचे भांडवल आहे. सुरुंग लावून खड्डे काढायचे, बाहेरची माती भरायची आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरीपुष्प लावायचे, हा प्रयोग कोकणात पुष्कळ ठिकाणी झाला आहे. त्याने सावली मिळते, पण तिच्याखाली ही फुले राहत नाहीत. राजापुरात तर सड्यांवर कातळशिल्पेही आहेत; खड्डे काढण्यापूर्वी तेवढ्याचसाठी तरी चार वेळा विचार करावा.

पैसा आणि माणसे उपलब्ध असतील, तर ती सड्याच्या कडेखालच्या उतारावर लावावीत. तेथे माती आहे आणि बहुधा तोडलेल्या झाडांचे जिवंत बुडखेही आहेत. पहिले काम वणवा रोखण्याचे : फेब्रुवारीपूर्वी कडेने जाळरेषा काढावी. दुसरे काम बुडख्यांचे : दहा-बारा फुटव्यांतील दोन जोमदार ठेवून बाकीचे कापावेत आणि तीन वर्षे गुरे आवरावीत. जमिनीखाली जुनी मुळे तयार असल्यामुळे हा फुटवा पिशवीतील रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. यावर जो खर्च होईल तो पाच हजार खड्ड्यांच्या खर्चापेक्षा कमीच असेल, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही, ही अडचण आहे खरी.

जेथे बुडखेही नाहीत तेथेच रोपे लावावीत आणि बिया आपल्याच परिसरातील झाडांच्या घ्याव्यात. जांभळाची बी वाळवून डब्यात भरून ठेवू नये. ती पंधरा-वीस दिवसांतच रुजण्याची शक्ती गमावू लागते, म्हणून फळ खाल्ले की लगेच पिशवीत पेरावी. एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपे उगवतात, त्यांतील जोमदार ठेवावे. रतांब्याची, म्हणजे कोकमाची, बीही ताजीच पेरावी लागते. त्यात एक गोष्ट आधीच गावाला सांगून ठेवावी : रतांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेल्यांत निम्म्याच्या आसपास नर निघतात. फळ धरत नाही म्हणून सातव्या-आठव्या वर्षी कोणी कोयता घेऊन निघाले, तर त्यांना थांबवावे. त्या नरांवाचून शेजारच्या मादी झाडांनाही फळ धरणार नाही.